पडद्यावर उरलेली पाच अक्षरं

रिया, ईशान,

भूत, संकेत, साक्षात्कार यांवर मी आयुष्यात कधी पाच मिनिटं घालवली नाहीत. घरात अशा गप्पा निघाल्या की मी चहा ठेवायला उठायची. पण तुमचे बाबा म्हणतात, हे तुझ्याच हातचं लिहिलेलं असू दे. म्हणून लिहिते.

तेव्हा आम्ही दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. बाजार नुकताच खुला झाला होता, ओळखीतले लोक गुडगावला प्लॉट बघायला जात होते आणि आमच्या ऑफिसात धडाधड नवे कॉम्प्युटर येत होते. त्यांच्याबरोबर फ्लॉपीतून व्हायरसही. मग खात्याने आम्हा काही जणांना व्हायरस तपासायला शिकवायचं ठरवलं. वर्ग कस्तुरबा गांधी मार्गावर, शिकवायला मेनन सर.

त्यांची पद्धत मला फार आवडली. व्हायरस आधी चालवायचाच नाही. त्यातली एकेक सूचना कागदावर उतरवून तो काय करू शकतो ते वाचायचं आणि मगच, कशालाही न जोडलेल्या मशीनवर तो चालवून बघायचा. त्या मशीनला आम्ही ‘ओवळं’ म्हणायचो... म्हणजे मीच म्हणायची, आणि केरळी मेनन सरांनी तो शब्द हौसेने उचलला होता. मराठीतला त्यांना येणारा तेवढा एकच शब्द.

मला मिळालेला व्हायरस तसा पोरकट होता. पडद्यावरचा मजकूर एकेक अक्षर करून सरळ खाली पाडायचा, तळाशी ढीग. मी तो अथपासून इतिपर्यंत वाचला होता. अक्षर खाली आणायच्या सूचना होत्या. आडवं सरकवायची एकही नव्हती.

जानेवारीतली दुपार होती. धुकं दिवसभर हटलं नव्हतं. मी रजेच्या नियमांचं एक इंग्रजी परिपत्रक पडद्यावर आणलं आणि व्हायरस चालू केला. अक्षरं गळायला लागली. सर शेजारी उभे होते. सगळं खाली आलं — पाच अक्षरं सोडून. ती वेगवेगळ्या ओळींत, जिथल्या तिथे लटकून राहिली.

आणि मग ती सरकली. आडवी. हळूहळू एका ओळीत आली.

UTHAV.

सरांनी ते मोठ्याने वाचलं. “उथाव? व्हॉट लँग्वेज इज धिस?”

मी म्हटलं, “माझी.”

उठव. त्या वेळी आमच्या घरी झोपलेला एकच जण असायचा — तुमचे बाबा, नितू. शाळेतून आला की जेवून झोपायचा. हे टूरवर होते. घरी सासूबाई होत्या, म्हणजे तुमच्या पणजी. साताऱ्याहून आलेल्या, दिल्लीतला पहिलाच हिवाळा.

का ते सांगता येणार नाही, पण मी सरांच्या टेबलावरचा फोन उचलून खालच्या मजल्यावरच्या सेठीबाईंना लावला. आमच्याकडे फोन नव्हता. नितूला उठवा म्हटलं तर त्या हसल्या. “अरे मिसेस केळकर, बच्चा सो रहा है तो सोने दो ना. इस ठंड में तो मैं भी रजाई से नहीं निकलती.”

“प्लीज, भाभीजी. उठा दीजिए.”

त्या गेल्या. फोन बाजूला ठेवलेला. जिन्यावरच्या चपला ऐकू आल्या, मग दार वाजवणं... मग दार जोरजोरात बडवणं. मग सेठीसाहेबांना मारलेली हाक.

सासूबाईंनी शेजारपाजारी बघून कोळशाची अंगीठी आणली होती. इतर बायका ती पेटवून अंगणात ठेवायच्या, घरात आणलीच तर खिडकी किलकिली ठेवून. सासूबाईंना गार वारा सोसेना. माहेरी-सासरी शेगडी नेहमी कौलारू, वारा खेळणाऱ्या स्वयंपाकघरात. बंद खोलीत तिचा विषारी वायू साठून काय होऊ शकतं हे त्यांना कुणी सांगायची वेळच आली नव्हती. मलाही नाही. त्यांनी खिडक्यांच्या फटींत जुनी लुगडी कोंबली, अंगीठी पलंगाजवळ ओढली आणि नातवाला कुशीत घेऊन आडव्या झाल्या.

सेठीसाहेबांनी कडी तोडली तेव्हा सासूबाई नुसत्या कण्हत होत्या. नितू हलवूनही जागा होत नव्हता. गाल लालबुंद, बघणाऱ्याला वाटावं, किती गाढ झोपलाय. डॉक्टर मला म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर...

ऑक्सिजनवर रात्र काढून तो उठला आणि त्याने बिस्किट मागितलं. तेव्हा कुठे मी रडले.

नंतर मी आणि मेनन सरांनी तोच व्हायरस, तेच मशीन, तेच परिपत्रक घेऊन पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं. प्रत्येक वेळी सगळी अक्षरं मुकाट्याने सरळ खाली. फ्लॉपी मूळ प्रतीशी ताडून पाहिली, तसूभर फरक नाही. सरांनी रिपोर्टमध्ये यातलं काही लिहिलं नाही. मीही आग्रह धरला नाही. काय लिहिणार होतो?

हॉस्पिटलमध्ये सासूबाईंनी विचारलं, तुला कुणी कळवलं? मी खरं ते सांगितलं.

“अगं, पण त्याला आपला नितू झोपलाय हे कसं ठाऊक?”

तो प्रोग्रॅम मी ओळ न् ओळ वाचला होता. त्यात आमचं घर नव्हतं, मराठी नव्हती, नितू नव्हता. मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. आजही तेवढंच करता येतं मला.

— आजी