वाढदिवसाचं उत्तर

आमच्या वॉर्डात तिला सगळे इस्त्री म्हणायचे. बारा तासांची ड्युटी संपली तरी हिच्या युनिफॉर्मला सुरकुती नाही. मी तिच्याच वॉर्डातली नर्स. माझं तोंड चालतं, तिचे हात चालतात. कामाला वाघ आणि घरी गरीब गाय, असं मी तिला तोंडावर म्हणायचे. ती नुसती हसायची, आणि मला त्या हसण्याचाच राग यायचा.

परदेशातल्या एका हॉस्पिटलने तिला निवडलं होतं. अट एकच, इंग्रजीच्या परीक्षेत नऊपैकी सात गुण हवेत, तेही या महिनाअखेरच्या आत. दोनदा बसली होती, दोन्ही वेळा साडेसहा. म्हणजे तिचा नवरा तसं म्हणाला होता. फॉर्म तोच भरायचा, निकालही त्याच्याच मेलवर यायचा.

तिसऱ्या खेपेला मीही तिच्यासोबत क्लास लावला आणि परीक्षेचा फॉर्म भरला. क्लासवाले सर तोंडी परीक्षेच्या प्रत्येक विषयाचं उत्तर पाठ करून घ्यायचे. "तुमच्याशी कोणी खोटं बोललं होतं का?" या विषयाचं उत्तर असं: मैत्रीण म्हणाली मी गावाला चालले आणि संध्याकाळी माझ्या वाढदिवसाचा केक घेऊन दारात हजर. वर्गातल्या चाळीस जणींना मिळून एकच मैत्रीण आणि एकच केक. "सर, परीक्षकांना एव्हाना अजीर्ण झालं असेल," मी म्हणाले, तर सरांनी डोळे वटारले. इस्त्रीने मात्र ते उत्तर स्वल्पविरामासकट घोकलं.

परीक्षेच्या दिवशी टेबलामागच्या मुलीने तिचा फोटो काढला, बोटांचे ठसे घेतले आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघून सहज विचारलं, "तुम्हाला मागच्या वेळी साडेसात होते ना? मग परत कशाला बसताय?"

मी रांगेत मागेच उभी होते. इस्त्रीच्या मानेवरची शीर उडताना मला दिसली. एवढं होऊनही तिने शांतपणे विचारलं, "निकाल दुसऱ्या मेलवरही पाठवता येईल का?" आणि वळून माझा मेलचा पत्ता मागितला. तेवढ्यात आतून तिचं नाव पुकारलं.

आत काय झालं ते तिने नंतर वॉर्डाच्या कपडे बदलायच्या खोलीत सांगितलं. परीक्षेची बिनखिडकीची खोली, एक टेबल, एक रेकॉर्डर, समोर चष्मेवाली बाई. बाईंनी कार्ड सरकवलं. विषय तोच, कोणी खोटं बोललं तो प्रसंग.

"केक आठवेचना गं," ती म्हणाली. "मैत्रीणही आठवेना. उठून यावं तर रेकॉर्डर चालू. मग जे होतं तेच बोलले."

तिच्याकडे इंग्रजी शब्द मोजकेच, त्यामुळे आडवळणाला जागाच नव्हती. माझे मिस्टर म्हणाले, तू नापास झालीस. मी नापास नव्हते. हे मला दहा मिनिटांपूर्वी कळलं. सासूबाई तीन वर्षं अंथरुणावर आहेत आणि मी नर्स आहे, म्हणून ते खोटं बोलले. एवढंच. बाईंनी विचारलं, त्यांच्यावर तुमचा अजून विश्वास आहे का? तर ही म्हणाली, "आय लिव्ह विथ हिम."

तेराव्या दिवशी सकाळी माझ्या मोबाइलवर तिचा निकाल आला. आठ! माझं वॉर्डभर नाचायचंच बाकी होतं. तिने फक्त औषधांचा ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, "दुपारी घरी ये. आईंची चादर बदलायची आहे, एकटीने होत नाही."

आम्ही दोघी म्हातारीला कुशीवर धरून चादर ओढत होतो, तेव्हा नवरा मोबाइल घेऊन दारात आला. चेहरा असा पडलेला, की मला दोन मिनिटं खराच वाटला.

"अगं, परत अर्ध्यानेच हुकलं गं," तो म्हणाला. "जाऊ दे, मनाला लावून घेऊ नकोस. बोलायला विषय काय आला होता?"

माझ्या जिभेवर शिवी आली होती. इस्त्रीने पलंगाच्या वरून माझ्याकडे असं बघितलं, की मी ती गिळली.

"वाढदिवस," ती म्हणाली. "मैत्रीण म्हणाली गावाला जातेय आणि संध्याकाळी केक घेऊन दारात उभी. मी सगळं सांगितलं, पण मध्येच अडखळले." बोलताना ती एकदाही अडखळली नाही.

"होईल पुढच्या वेळी," तो म्हणाला. "फॉर्म मी भरतो."

"भरा."

म्हातारीने लकव्यातून वाचलेल्या हाताने सुनेचं मनगट धरलं आणि सोडेना. इस्त्रीने दुसऱ्याच हाताने चादरीचं टोक गादीखाली खोचलं. एकही सुरकुती राहिली नाही.

तिने मला दारापर्यंत सोडलं. मी दबक्या आवाजात तिच्यावर बरसले. बावळट आहेस का? आठ आहेत तुझे! महिनाअखेरीला चार दिवस उरलेत. आत्ता आत जा आणि त्याच्या तोंडावर फेक तो निकाल. आज नाही बोललीस तर जन्मभर इथेच सडशील.

तिने सगळं ऐकून घेतलं.

"आईंना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं," ती म्हणाली. "रात्रीसुद्धा. नाहीतर पाठीला जखमा होतात. ह्यांना ते जमत नाही. मी गेल्यावर तू येशील?"

मी खाली वाकून चपलेचा पट्टा लावत राहिले. तो केव्हाच लागला होता.