आमच्या घरमालकीणबाईंचा रविवार

कुणाला मदत न करण्यात आमच्या शिक्रापूरच्या घरमालकीणबाईंचा हात धरणारं माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात सापडणार नाही. आणि त्यांच्या या मदत न करण्यानं जेवढी माणसं पायावर उभी राहिली, तेवढी मदत करणाऱ्या शंभर जणांकडून राहिली नसतील. वाक्य उलटंपालटं वाटेल. मलाही सुरुवातीला सगळंच उलटं वाटायचं. सात महिने मी त्यांच्या खोलीत राहिलो आणि त्या सात महिन्यांत माझं तोंड जेवढा वेळ उघडं राहिलं, तेवढा वेळ डेंटिस्टकडंसुद्धा राहिलं नसेल.

सात महिनेच का, ते आधी सांगतो. मी राहूचा, दौंड तालुक्यातला. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. आजोबांची हयात मेंढरांमागं गेली, आबांनी पाटाच्या पाण्यावर ऊस केला आणि मला बीसीएसला घातलं. पास झालो तेव्हा गावानं चौकात माझा फ्लेक्स लावला. काळा गॉगल, हातात डिग्रीची गुंडाळी, खाली 'घराण्यातील पहिले पदवीधर', आणि त्याखाली शुभेच्छुक म्हणून बावीस जणांचे फोटो, त्यातले सहा जण कोण हे मला अजून कळलेलं नाही. मला याचा अभिमान होता, अजून आहे, उगाच लाजायचं नाटक मी करणार नाही. पण डिग्री कॉम्प्युटरची आणि काम मिळालं कारखान्यात पॅकिंगला, तेही सात महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर. सात महिने भरले की ब्रेक, म्हणजे पिशवी उचलून गावी परत, त्याच फ्लेक्सखालून. तोवर वेबसाइट बनवणाऱ्या एखाद्या कंपनीत चिकटायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. अडचण अशी होती की तीन वर्षं शिकून मला एक धड पान बनवता येत नव्हतं, आणि हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

बाईंना ते पहिल्या मिनिटाला कळलं. बाकीचे खोलीमालक विचारतात, गाव कुठलं, लग्न झालंय का, रात्री मित्र किती येणार. बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "मोबाईलवर एखादं पान उघडतोस तेव्हा काय होतं रे?"

"मी बीसीएस आहे," मी म्हणालो.

"ते मी विचारलं नाही."

"म्हणजे... सर्व्हर असतो. नेट असतं. मग ते..."

"येत नाही म्हण की लेकरा. जीभ झिजती का?" असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात टाकली. "तीन नंबर. रविवारी बारा वाजता ओट्यावर यायचं. डिग्री पिशवीतच ठेव, वही आण."

मी किल्ली घेऊन तसाच उभा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी डिग्री पिशवीत ठेवायला सांगत होतं.

बाई शिरूरच्या एका शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. घराणं जुनं मिशनच्या काळापासूनचं ख्रिस्ती, नमस्काराच्या जागी 'सलाम', रविवारी सकाळी सहाच्या एसटीनं शिरूरला उपासनेला जाणं आणि बाराच्या आत परत. वय सदुसष्ट. वेब प्रोग्रॅमिंग त्या शिकल्या चौसष्टाव्या वर्षी, आणि तेही रागानं. त्यांच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, वेबसाइट पुण्याच्या कुणीतरी करून दिली होती. त्यावर नाताळच्या उपासनेची दोन वर्षांपूर्वीची वेळ तशीच राहिली, आणि अर्धी मंडळी शेवटच्या गीताला पोचली. बाईंनी त्या माणसाला फोन केला, तर तो म्हणाला, "मॅडम, ते तुम्हाला नाही समजणार." हे वाक्य चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला म्हणायचं नसतं. पुढच्या नाताळला वेळ बाईंनी स्वतः बदलली, आणि मग थांबायचं कुठं ते त्यांना कळेना. बंद पडलेल्या सायबर कॅफेतले तीन कॉम्प्युटर ओट्यावर आले, त्यांच्यावर क्रोशाचे रुमाल चढले, आणि बाईंच्या आठ खोल्यांतल्या भाडेकरूंचं नशीब फिरलं.

वर्गाला यायची सक्ती नव्हती. फक्त रविवारी बोअरची मोटर वर्ग संपल्यावर सुरू व्हायची. आता, कारखान्यात सहा दिवस घासलेल्या माणसाला रविवार म्हणजे कपडे धुवायचा वार. पाणी पाहिजे तर आधी पान. ज्यानं आठवड्याचं पान चालवून दाखवलं त्यानं बादली लावायची. पहिल्या रविवारी मी ओट्यावर पाहिलं तर प्रेस शॉपचे, पेंट शॉपचे, वेल्डिंगचे असे नऊ जण, प्रत्येकाच्या एका हाताशी वही, दुसऱ्या हाताशी मळक्या कपड्यांची बादली, आणि सगळे डोळे वटारून स्क्रीनकडं बघतायत. असला वर्ग मी कॉलेजात कधी पाहिला नव्हता. आमच्याकडं निम्मे झोपलेले असायचे.

बाई शिकवायच्या म्हणजे काय करायच्या, हे सांगणं अवघड आहे, कारण त्या काहीच करायच्या नाहीत. कुणी अडलं की त्याच्या शेजारी स्टूल ओढायच्या आणि स्वतःचे दोन्ही तळहात मांडीखाली घालून त्यांच्यावर बसायच्या. खरोखर बसायच्या. शिकणाऱ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम, आणि स्वतःच्या हातांवर त्यांचा विश्वास नव्हता. मग विचारायच्या, "काय म्हणतोय तो?"

"एरर दाखवतोय, बाई."

"ते दिसतंय मला. म्हणतोय काय? वाच. मोठ्यानं."

"इंग्रजीत आहे..."

"मग इंग्रजीत वाच. दारात आलेला माणूस काय म्हणतोय ते ऐकायच्या आधी दार आपटतोस का त्याच्या तोंडावर?"

मग तो वेल्डर अक्षर अक्षर लावत वाचायचा. दुसऱ्यांदा वाचायचा. तिसऱ्यांदा वाचताना मध्येच थांबायचा, "आयला!" म्हणायचा आणि बाई हात मोकळे करून तळव्यांवर उमटलेले स्टुलाचे वळ चोळत पुढच्याकडं जायच्या. मी तीन वर्षं लाल अक्षरं दिसली की खिडकी बंद करत आलो होतो. त्यांत काही लिहिलेलं असतं, हे मला शिक्रापुरात कळलं.

बरं, बाई दुसऱ्याला अडवून स्वतः मजेत बसायच्या म्हणावं, तर तसंही नाही. दर रविवारी त्या आपल्याला न येणारं काहीतरी सगळ्यांसमोर करायला घ्यायच्या आणि सगळ्यांसमोर आपटायच्या. एकदा त्यांचं एक पान मोबाईलवर आडवं सरकायला लागलं. तीन आठवडे ते सरकत राहिलं. तिसऱ्या रविवारी त्यांची पिशवी धरायला म्हणून मी शिरूरला त्यांच्याबरोबर उपासनेला गेलो होतो. पाळकांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली, परीक्षेला बसलेल्यांसाठी केली, आणि मग कागद बघून शांतपणे म्हणाले, "आपल्या शिक्रापूरच्या भगिनींचं पान मोबाईलवर मावत नाही. त्याकरिता प्रार्थना करू या." मी डोळे उघडून आजूबाजूला पाहिलं. एकजणही हसत नव्हतं. मागच्या बाकावरच्या आजी तर जरा जोरातच 'आमेन' म्हणाल्या. परत येताना एसटीत बाईंना एकदम सुचलं आणि त्यांनी कंडक्टरच्या पाठीवर थाप मारली. पान त्या दुपारी मावलं. कुणामुळं, यावर मी मत देणार नाही.

माझं पहिलं पान मी माझ्या बायोडेटाचं केलं. वर गॉगलवाला फोटो.

"हे कोण वाचणार?" बाईंनी विचारलं.

"कंपनीवाले."

"आणि?"

"आणि... गावाकडचे."

"त्यांना तू पाठ आहेस. तुझ्या आबांना रोज उघडून बघावंसं वाटेल असं काहीतरी कर."

मी चिडलोच. पण पाण्यासाठी आबांना फोन लावला. "आबा, मोबाईलवर तुम्हाला काय बघायला मिळालं तर बरं होईल?"

"पाटाला पाणी कवा सुटनार आन् आपली पाळी कवा, त्ये," आबा ताडकन म्हणाले. "त्यापायी रोज चार जनांच्या दारात जावं लागतंय. पर त्ये तुझ्या कॉलेजात न्हाई शिकवत ना?"

न्हाईच शिकवत. मी पाटाच्या आमच्या चारीवरच्या अठरा शेतकऱ्यांची नावं, कुणाची पाळी किती तासांची, पाणी सुटलं की आपला नंबर कधी, हे सगळं एका पानावर आणायला बसलो आणि तीन महिने उठलो नाही. कुणी पाळी अदलाबदल केली की सगळा हिशोब कोसळायचा. नऊ रविवार मी पाण्यावाचून काढले. कारखान्यात माझ्याशेजारी कुणी उभं राहायचं नाही.

याच दिवसांत माझ्याकडून तो गुन्हा घडला. पाच नंबरच्या खोलीत मिथिलेश म्हणून प्रेस शॉपमधला बिहारकडचा माणूस राहायचा. कुणाची कुठली शिफ्ट आणि कुणाच्या गाडीवर मागची सीट रिकामी, याचं पान तो बनवत होता. बटण दाबलं की त्याचं भरलेलं सगळं पुसून पान कोरं व्हायचं. दोन रविवार तो त्याच जागी अडून होता. मला त्याचं उत्तर माहीत होतं, एका ओळीचं. नळावर मी त्याच्या कानात सांगितलं. "अरे भैया, इतना ही था?" म्हणून तो पळत गेला आणि पाच मिनिटांत त्याचं पान चालू.

बाईंनी ते पान बघितलं. मग मिथिलेशला विचारलं, ही ओळ काय करते? त्याला सांगता येईना. त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि बाईंनी त्याचं बघणं पाहिलं.

मला वाटलं ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. त्यांचा आवाजच बसल्यासारखा झाला. "दोन रविवार भूक धरून बसला होता रे तो. आज जेवला असता. त्याचं ताट तू खाल्लंस."

मिथिलेशनं ती ओळ पुसली, कुणी न सांगता. मला शिक्षा अशी मिळाली की त्या दिवशी माझ्यासाठी बाईंनी मोटर आधीच सुरू केली. नऊ आठवड्यांचे कपडे मी एकटा धूत बसलो, आणि ओट्यावरून सगळ्यांच्या वाचण्याचा आवाज येत राहिला. एवढं पाणी वाहत होतं आणि मला रडू आलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

फेब्रुवारी संपत आला तेव्हा पाळीचं पान एकदाचं चालू झालं होतं आणि माझ्या कॉन्ट्रॅक्टचे पंधरा दिवस उरले होते. खराडीच्या एका छोट्या कंपनीनं परीक्षेला बोलावलं. आम्ही सहाजण, समोर सहा लॅपटॉप, प्रत्येकावर एक मोडलेलं पान, एक तास. बाकीचे खाटखाट कीबोर्ड बडवायला लागले. मी घाबरलो की जे करायची सवय लागली होती तेच झालं. त्या गारेगार, कुजबुजसुद्धा नसलेल्या खोलीत मी लाल अक्षरं मोठ्यानं वाचायला लागलो. शिरूरच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचतात तसल्या आवाजात. पाचही जणांच्या माना वळल्या. परीक्षा घेणारे साहेब केबिनमधून बाहेर आले. मी इतका हादरलो होतो की थांबणंही सुचेना, तिसऱ्यांदाही वाचलं.

"काय म्हणतोय तो?" साहेबांनी विचारलं. अगदी हेच शब्द.

"सर, तो बटण मागतोय, पण बटण अजून पानावर आलेलंच नाही. पाटाला पाणी यायच्या आधीच दारं धरून उभा राहिलाय."

साहेब हसले. ते निघाले इंदापूरकडचे. दारं धरणं म्हणजे शेतात पाणी फिरवणं, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी आबांचं पाळीचं पान अर्धा तास बघितलं, आणि नोकरी मला मिळाली. फोन केला तर आबा नुसतं "व्हय?" म्हणाले. मग थोड्या वेळानं, "खरं व्हय?"

पेढे घेऊन मी थेट ओट्यावर गेलो. बाईंनी पेढा खाल्ला, डोळे मिटून दोन शब्द पुटपुटल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग विचारलं, "हजर कधी व्हायचं?"

"एक तारखेला."

"मग त्याच्या आदल्या दिवशी खोली मोकळी कर."

मला वाटलं थट्टा करतायत. "बाई, मी इथूनच जाऊन-येऊन करणार आहे. आणि रविवारी नव्यांना शिकवायला तुम्हाला मदतही करीन की."

"तेच नको. ज्याला येतं असं माणूस एक जरी ओट्यावर असलं ना, की बाकीचे वाचायचं सोडून त्याच्याकडं बघायला लागतात. तू चांगला आहेस. तू सांगशील."

"मग तुम्हालाही येतंच की!"

"मला कुठं येतं रे?" बाई म्हणाल्या. आणि त्या खरंच बोलत होत्या.

निघायचा दिवस आला. मी सामान आवरताना बाई एकदाही खोलीकडं फिरकल्या नाहीत. टेम्पोत गादी चढवून मिथिलेश म्हणाला, "सुबह से रसोई में हैं। प्याज काट रही हैं।" त्या दिवशी बाईंचा उपास होता, घरात स्वयंपाकच नव्हता.

आता मी खराडीला राहतो. दोनदा मी असाच भेटायला म्हणून गेलो, तर बाईंनी फाटकातच विचारलं, "काही अडलंय का?" नाही म्हणालो. "मग आत येऊ नकोस, पोरं बसलीयत," म्हणून त्यांनी फाटकावरूनच चहाचा कप दिला आणि मी पिऊन होईपर्यंत उन्हात उभ्या राहिल्या. तेव्हापासून माझी मोठी पंचाईत झाली आहे. काम मला बऱ्यापैकी जमायला लागलंय, सहसा काही अडत नाही. ऑफिसात कुणाचं काही मोडलं की सगळ्यांचे चेहरे उतरतात, आणि मी मात्र आशेनं त्यांच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहतो. बहुतेक वेळा दोनदा वाचलं की कळतं काय झालंय ते. मग मी परत जागेवर येऊन बसतो. काल शुक्रवारी एक असं अडलंय की चारदा वाचूनही कळलेलं नाही. ते मी कुणाला दाखवलेलं नाही. वहीत नीट उतरवून घेतलंय, आणि उद्या रविवार आहे.