शैलाताईंचा तंबू आणि माझा हेवा

शैलाताई गेल्याची बातमी मला माझ्या मुलीनं दिली. सकाळी साडेसातला, बंगळूरहून. मी चहा गाळत होते. "आई, मोठी आई गेली," एवढंच ऋजुता म्हणाली आणि रडायला लागली. शैलाताई म्हणजे माझी थोरली जाऊ, तिकडे अमिरातीत अल ऐनला राहायच्या. झोपेतच हृदय थांबलं होतं. मी गाळणं ओट्यावर ठेवलं आणि भिंतीला टेकून खाली बसले, हे खरं. पण त्याआधी क्षणभर माझ्या मनात दुसरंच आलं होतं, आणि तेच लपवायचं असेल तर हा लेख लिहायचा तरी कशाला... दादांनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी, आधी ऋजुताला फोन केला होता. त्यांचा सख्खा भाऊ, माझा नवरा श्रीकांत, बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसला होता. त्याला नाही, मला नाही, ऋजुताला. दुःख व्हायच्या आधी मला हेवा वाटला. गेलेल्या बाईचा हेवा. तो मी चौदा-पंधरा वर्षं नीट सांभाळला होता आणि त्या गेल्या म्हणून काही तो उठून गेला नाही.

आम्ही दोघी जावा एकाच देशात नांदलो, गाडीनं दीड तासाच्या अंतरावर. दादा अल ऐनच्या एका हॉस्पिटलातली यंत्रं सांभाळायचे, शैलाताई तिथल्याच शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. आम्ही दुबईला, बर्शात. श्रीकांत बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर, मी घरी. आमच्या घरात थोरल्या काकूला 'मोठी आई' म्हणायची रीत आहे. ही रीत ज्यानं पाडली त्याला जावांच्या पोटातलं काही कळत नसावं. पण त्या काळी मला त्या हाकेचं काही वाटायचं नाही. त्यांचे दोन्ही मुलगे मोठे, ऋजुता आमची एकुलती एक, तिचे लाड व्हायचेच. महिन्या-दोन महिन्यांनी कधी आम्ही तिकडे, कधी ते इकडे. शैलाताई आमच्याकडे आल्या की मॉलमध्ये तासाभरात कंटाळायच्या. थंडी पडायला लागली की त्यांच्या डोक्यात एकच विषय असायचा, तळ्याकाठी तंबू.

हे तळं अल ऐनच्या बाहेर, जबल हफीत डोंगराच्या पायथ्याशी. शहराचं शुद्ध केलेलं जादा पाणी वाळूत सोडलं, ते साचत गेलं आणि त्याचं तळं झालं. मग त्यात मासे आले, कडेनं बोरू वाढला, रोहित पक्षी उतरायला लागले. शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, तिथे माणसांची जत्रा असे: अरबांचे मोठे तंबू, केरळी कुटुंबांच्या बिर्याणीच्या हंड्या, आणि एका टोकाला आमच्या जाऊबाई. त्यांचं सगळं पद्धतशीर असे. आधी काळी पिशवी घेऊन आजूबाजूचा कचरा गोळा करायचा, मग मूठभर वाळू वर उडवून वारा बघायचा, मग तंबूचं तोंड ठरवायचं. वाळूत खुंट्या धरत नाहीत, म्हणून बासमतीच्या रिकाम्या पिशव्यांत वाळू भरून, त्यांना दोऱ्या बांधून, त्या हातभर खोल पुरायच्या. पन्नाशीकडे झुकलेली बाई कोपरापर्यंत हात वाळूत घालून बसलेली असायची आणि चेहऱ्यावर असा आनंद, जणू घरात सून येणार आहे. आम्हाला दरवेळी आग्रह व्हायचा. मी दरवेळी नाही म्हणायचे. चांगली एसीची घरं सोडून उघड्यावर झोपायचं ही काय हौस, असं मी तोंडावर म्हटलेलं आहे. ऋजुता पालीला भिऊन पलंगावर चढणारी पोर. तीही माझ्याबरोबर मान हलवायची, आणि मला बरं वाटायचं.

दोन हजार आठची दिवाळी आम्ही दणक्यात केली. त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन एकेक करून थांबल्या. श्रीकांत एक दिवस दुपारीच घरी आला, बूट न काढता सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "प्रोजेक्ट खलास." नोकरी गेली नाही, पण पगार निम्म्यावर आला, आणि आज काढतील, उद्या काढतील, अशा धाकात सहा महिने गेले. शेवटी बर्शाचं घर सोडावं लागलं. श्रीकांत मुहैस्नाला कंपनीनं दिलेल्या खोलीत तिघांत एक म्हणून राहायला गेला. मला पुण्यात माझ्या जुन्या कॉलेजात शिकवायची जागा मिळत होती, ती घेतली नसती तर वेडेपणा झाला असता. प्रश्न ऋजुताचा होता. नववी निम्मी झालेली, पुण्यात मध्येच कुठली शाळा घेईना. शैलाताईंनी आपल्या शाळेत शब्द टाकला. त्यांचे मुलगे शिकायला भारतात गेलेले, एक खोली रिकामीच होती. "दहावीपर्यंत राहू दे तिला माझ्याकडे. अंजू, तू निर्धास्त जा," असं त्या म्हणाल्या. मी त्यांच्या पाया पडले. मनापासून पडले, हेही इथे लिहून ठेवते.

पुण्याला आल्यावर मी दर शनिवारी कॉम्प्युटरसमोर बसायचे. पहिले दोन महिने ऋजुता रडायची आणि मी तिला समजवायचे. मग तिचं रडं थांबलं. नोव्हेंबरपासून तिच्या तोंडी तळ्याशिवाय दुसरं काही येईना. आज तिनं एकटीनं तंबू लावला. आज वारा फिरला तर आधी तिच्याच लक्षात आलं. आज खिचडी तिनं केली, आणि वाळूनं भांडी घासली, इट्स सो कूल, आई. बोरूत एक पक्षी घरटं करतोय, मोठी आई आणि ती दर खेपेला त्याची नोंद ठेवतात. मी म्हणायचे, छान. स्वेटर घालतेस ना. ती हो म्हणायची आणि मान मागे वळवून कुणाशी तरी बोलायची. डिसेंबरात दादांनी एक फोटो पाठवला. तळ्याकाठी सकाळचं ऊन, शैलाताई मोडक्या पेटीवर बसलेल्या, आणि ऋजुता त्यांच्या पुढ्यात वाळूत मांडी घालून, केस मोकळे, तेल लावून घेतेय. माझ्या मुलीनं सातवीनंतर मला तिच्या डोक्याला हात लावू दिला नव्हता. तो फोटो मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये उघडला होता. पुढच्या तासाला मी वर्गावर गेले नाही.

त्यानंतर मी जे केलं ते आई म्हणून केलं असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. दहावीचं वर्ष सुरू होताच मी फर्मान काढलं की आता तळं बंद, बोर्ड आहे. शैलाताईंनी एका शब्दानं वाद घातला नाही. ती अख्खी थंडी त्या स्वतःही गेल्या नाहीत. ऋजुताला घरी ठेवून आपण कसं जायचं, म्हणे. मला वाटलं होतं त्या भांडतील. त्या भांडल्या असत्या तर माझं बरंच ओझं उतरलं असतं. मग एक दिवस ऋजुता सहज बोलून गेली की अकरावी-बारावीही इथेच केली तर... मी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. शैलाताईंना फोनवर बोलावलं आणि म्हटलं, "तुमची मुलं हॉस्टेलला गेली म्हणून माझी मुलगी ठेवून घेऊ नका." त्या म्हणाल्या, "तव्यावर पोळी आहे, नंतर बोलू." आम्ही त्यावर नंतर कधीच बोललो नाही. आता तर प्रश्नच नाही.

परीक्षा संपली तेव्हा मी तिला न्यायला अल ऐनला गेले. जाताना विमानात मी माझी बाजू पाठ करत होते. ती राहते म्हणाली तर काय बोलायचं, रडली तर काय, श्रीकांतनं तिची बाजू घेतली तर काय. काहीच लागलं नाही. मी चहा पिऊन उठले तर ऋजुता बॅग घेऊन गाडीत जाऊन बसलेली होती. काच खाली करून म्हणाली, "चल ना आई, उशीर होईल." शैलाताई दारात उभ्या होत्या, हाताला कणीक. मी त्यांच्याकडे पाहून हसले. ते हसू चांगलं नव्हतं, मला माहीत आहे. मी जिंकले होते. पुढे कितीतरी जणींना मी ही गोष्ट सांगितली, की दोन वर्षं दुसरीकडे राहिली पोर, पण यायच्या वेळी मला विचारावंही लागलं नाही.

पुढची वर्षं सगळं रीतसर चाललं. श्रीकांत काही वर्षांनी परत आला. लग्नकार्यात आम्ही जावा शेजारी बसायचो, एकमेकींच्या साड्यांचं कौतुक करायचो. ऋजुता शिकली, नोकरीला लागली, सुट्टी मिळाली की अल ऐनला जायची, आणि ती तिकीट काढून झाल्यावरच मला सांगायची. दादा आणि शैलाताई पुढच्या वर्षी कायमचे पुण्याला येणार होते. आमच्याच भागात घर बघत होते. मी श्रीकांतला म्हटलं होतं, जरा लांब बघायला सांग.

त्या गेल्यावर तीन आठवड्यांनी मी आणि ऋजुता दादांचं घर आवरायला अल ऐनला गेलो. साड्या, पुस्तकं, डबे... दोन दिवसांत बरंच झालं. शनिवारी सकाळी ऋजुता म्हणाली, तळ्यावर जाऊया. पहिल्यांदाच मी नाही म्हटलं नाही. दादांच्या जुन्या गाडीत मागे सामान होतंच. तिनं कचरा उचलला, वाळू उडवून वारा बघितला, पिशव्या भरल्या, पुरल्या. मी नुसती बघत उभी. एवढी वर्षं मी जे ऐकत होते ते हातांनी करताना तिला मी कधी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या तरी घरी वाढलेली मुलगी बघावी तसं मला वाटलं.

मग तिनं गाडीतून एक घडीची खुर्ची काढली. हिरवं कापड, त्यावर दुकानातलं प्लॅस्टिक तसंच, आणि मागच्या पट्टीवर शैलाताईंच्या अक्षरात 'अंजू'. मी बघतच राहिले. ऋजुता म्हणाली, "तुझी आहे. तू एकदा म्हणाली होतीस ना, खाली बसवत नाही म्हणून येत नाही? दुसऱ्याच दिवशी घेतली तिनं. दर ट्रिपला गाडीत टाकायची. मी म्हणायचे, व्हाय, ती पुण्यात आहे. तर म्हणायची, असू दे, कधी अचानक आली तर." ते खाली बसवत नसल्याचं मी साफ खोटं सांगितलं होतं. माझे गुडघे अजूनही ठणठणीत आहेत. मी प्लॅस्टिक काढलं आणि बसले. समोर पाणी, पलीकडे डोंगर, बोरूत काहीतरी सळसळत होतं. मला रडू आलं, पहिल्यांदा नीट रडू आलं. आणि रडता रडता, सवयीनंच, मी म्हटलं, "काही म्हण, पण शेवटी तू माझ्याबरोबर आलीस. विचारावं लागलं नाही."

ऋजुता वाळूत बोटानं रेघा मारत राहिली. मग म्हणाली, "आई, एक सांगू? रागावू नकोस. मला राहायचं होतं. आय बेग्ड हर. तू यायच्या आदल्या शुक्रवारी आम्ही इथे आलो होतो, वर्षानंतर. ती म्हणाली, तू राहिलीस तर अंजू परत उभी राहणार नाही. म्हणाली, रडायचं ते इथे रडून घे, आणि तिनं विचारायच्या आधी बॅग घेऊन गाडीत बस."

"आणि त्या?" मी विचारलं.

"तीपण रडली. मग आम्ही तंबू काढला."

एवढी वर्षं जी एक जीत मी उराशी धरून होते, तीसुद्धा त्या बाईनं इथे बसून माझ्यासाठी रचली होती, आणि माझ्या मुलीनं त्यांच्याखातर ती माझ्यापासून लपवली होती. ही दोघींची गोष्ट होती, मी तिच्यात नव्हते. मला शैलाताईंचे आभार मानायला हवे होते. मानले नाहीत. इतका हेवा मला आयुष्यात कधी वाटला नव्हता, आणि इतकी त्यांना हाक मारावीशीही कधी वाटली नव्हती. तव्यावरची पोळी केव्हाच झाली असेल, आता बोलूया, असं म्हणायला समोर माणूस नव्हतं...

परत निघताना ऋजुता तंबूबरोबर खुर्चीही दादांच्या गाडीत ठेवायला लागली, पुढे ते कुणाला तरी देऊन टाकतील म्हणाली. मी तिच्या हातातून ती काढून घेतली. विमानात चढवताना जरा वाद घालावा लागला, पण आणली. आता ती आमच्या गॅलरीत असते. संध्याकाळी कॉलेजातून आले की मी तिच्यात बसते, दुसरं काही करत नाही. श्रीकांत समजूतदार आहे, तो आपली प्लॅस्टिकची आणून शेजारी बसतो. परवा ऋजुता दोन दिवसांसाठी आली होती. चहाचा कप घेऊन ती गॅलरीत गेली आणि त्या हिरव्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली. मी स्वयंपाकघरातून तशीच बाहेर आले.

"ऊठ," मी म्हटलं, "ती शैलाताईंनी मला घेतलीय."