साताऱ्याचे स्वीडिश वधूपिता

"आज दोनदा मेलो!" लिफ्टमध्ये शिरताशिरता ते आनंदाने सांगायचे. दुपारी गोळी लागून आणि संध्याकाळी समुद्रात बुडून. अशा माणसाला काय म्हणावं? मी आपलं "अभिनंदन" म्हणायचो.

टोकियोत ओजिमा भागातल्या आमच्या इमारतीत, आमच्याच मजल्यावर राहणारे हे स्वीडिश नट. सत्तरीचे, सव्वासहा फुटी, लिफ्टच्या दारावर हमखास डोकं आपटणारे. तरुणपणी स्टॉकहोमची रंगभूमी गाजवली, चार-सहा सिनेमेही केले. मग जपानी बायकोच्या पाठोपाठ टोकियोला आले. बायको गेली, हे राहिले. दोन हजार अकराच्या भूकंपानंतर बरेच गोरे मायदेशी परतले आणि जपानी मालिकांतले रशियन कप्तान, डच व्यापारी, अमेरिकन सेनापती सगळे यांच्याच गळ्यात पडले. रविवारी हॉटेलातल्या ख्रिस्ती थाटाच्या जपानी लग्नांत खोटे पाद्रीसुद्धा हेच. "भूकंपाने माझं भलं केलं," म्हणायचे आणि लगेच कान पकडायचे. कान पकडणं आमच्याकडून उचललेलं.

एका गणपतीत मी इथल्या मराठी मंडळासाठी एकांकिका बसवत होतो. वधूपिता करणारा आमचा बँकवाला प्रयोगाच्या दहा दिवस आधी ऑफिसच्या कामाने सिंगापूरला गेला. झाला बोजवारा! हे रोज तालमीला येऊन बसत. मला कळेल अशा सोप्या जपानीत म्हणाले, "दिग्दर्शक-सान, मी करतो."

मी हसलो. "तुम्हाला मराठी कुठे येतं? हवं तर एक परदेशी पाहुणा घालतो."

एवढे शांत गृहस्थ, पण ताडकन उठले. "स्टॉकहोमला मी राजा होतो, न्हावी होतो, कोळी होतो. इथे आल्यापासून मी फक्त गोरा आहे! एकदा तरी मला इथल्या कुणाचा बाप होऊ द्या."

दिला रोल.

संवाद माझ्या बायकोने मोबाइलवर म्हणून दिले. यांनी ते सुरासकट घोटले. त्यामुळे वधूपिता, म्हणजे साताऱ्याचे भारदस्त पाटील, हुबेहूब माझ्या बायकोसारखे खेकसायचे. तालमीत मी दोनदा दचकून "हो, आणतो" म्हणालो.

प्रयोगाला ते धोतर-फेट्यात आले आणि सगळा हॉल खो-खो हसत सुटला. हे मात्र हसू ओसरेपर्यंत नुसते उभे राहिले. मग व्याह्यांपुढे हात जोडले. "पोर भोळी आहे हो आमची. सांभाळून घ्या."

पडदा पडला तशा एका सभासदाच्या आई, पुण्याहून आलेल्या, थेट विंगेत शिरल्या. यांचा हात धरून म्हणाल्या, "एवढं मनाला लावून घेऊ नका हो. मुलगी सुखात राहील. घराणं चांगलं आहे."

यांना अक्षरही कळलं नाही. त्या गेल्यावर विचारलं, "काय म्हणाल्या?" मी सांगितलं.

"मी कुठला, हे नाही विचारलं?"

"नाही हो."

म्हातारा फेटा मांडीवर घेऊन ढसाढसा रडला. मीही रडलो, लपवू कशाला?

पुढच्या वर्षी ते बहिणीकडे स्वीडनला गेले आणि तिथेच वारले. एकांकिका आम्ही अजून करतो. वधूपिता पुन्हा बँकवाल्याकडे आलाय. अस्सल साताऱ्याचा, उच्चार चोख, पाठांतर पक्कं. पण पडदा पडल्यावर त्याची समजूत घालायला विंगेत कोणी येत नाही.