बाजारच्या हॉटेलातली माझी पहिली कविता

परवा परभणीत एका प्रदर्शनात देशोदेशींच्या चहाघरांची चित्रं पाहिली. एका चित्रात बायका निवांत चहा पीत कुणाचं तरी गाणं ऐकत होत्या. तिथंच उभी असताना मला सोनपेठच्या बाजारातलं हॉटेल आठवलं.

बाजाराच्या दिवशी तिथं आसपासचे कवी जमायचे. मी अकरावीत होते आणि माझी कवितांची वही भरत आली होती. पण त्या हॉटेलात बायका बसत नसत. त्यांना चहा बाहेर ओट्यावर मिळायचा.

"आपण बाहेरूनच ऐकू," मी आईला म्हणाले. आईनं माझं मनगट धरलं आणि ती सरळ आत शिरली. आत आल्याच्या चहाचा वास होता, बिड्यांचा धूर होता. सगळे आमच्याकडे वळून बघायला लागले.

"मावशी, तुमी बाहेर बसा. चहा तिकडं देतो," मालक म्हणाला.

"चहा द्या न्हाईतर नका देऊ. माझी लेक कविता म्हणणार हाय. तवर आमी उठणार न्हाई." आई बाकड्यावर बसली.

एका म्हाताऱ्या कवींनी सरकून मला जागा दिली आणि मालकाला चहा आणायला सांगितलं. "म्हण बाळा," ते म्हणाले.

मी खाली मान घालून कविता म्हटली. तेव्हा मला आईचीच लाज वाटत होती. तिच्या पुढ्यातला चहा तसाच निवत होता, हे मी पाहिलं होतं. तीही घाबरली होती, हे मात्र फार उशिरा कळलं.

पुढच्या बाजाराला आई माझ्याआधी तयार होऊन दारात उभी होती. "चल," ती म्हणाली, "नवी लिहिलीस न्हवं?"