जयशीलाचं पहिलं वायरिंग

अर्धांगवायूने उजवा हात लुळा पडल्यापासून पुट्टस्वामी दुकानासमोर खुर्ची टाकून बसून असे. बंगळुरूच्या जे. सी. रोडवर गाड्यांचं वायरिंग करण्यात त्याची हयात गेली होती. आता त्याची पक्कड बायकोच्या, जयशीलाच्या हातात आली होती. गाडीचा अलार्म दारांच्या कुलपांना जोडायचं हे तिचं पहिलंच काम.

तिने रिमोटवरचं कुलूप लावायचं बटण दाबलं, तर चारही दारांची कुलपं उघडली.

"अक्का, ही सोय माझी केलीत की चोराची?" टॅक्सीवाला मुनिराजू हसला.

पुट्टस्वामी डाव्या हाताने रेटा देऊन उठू लागला.

"बसा हो तुम्ही. माझं मला शोधू द्या."

ती पुन्हा डॅशबोर्डखाली शिरली. हिरव्या वायरीच्या जागी निळी जोडली गेली होती. तिने दोन्ही सोडवल्या, अदलाबदल करून नीट टेप गुंडाळली आणि बटण दाबलं. चारही कुलपं एकदम खटकन लागली.

मुनिराजू खूश होऊन गेला. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि पुट्टस्वामीला विचारू लागलं, "अलार्म बसवून मिळेल ना?"

"मला काय विचारता?" तो ऐटीत म्हणाला. "मिस्त्री त्या आहेत."

जयशीला हात पुसत पुढे झाली.