सुमेधा मॅडमचा ताळा

सुमेधा मॅडम पाइपला कान लावायच्या. रविवारी घाटनांदूरहून निघायचं, उघड्यावरच्या पाइपलाइनच्या कडेनं माळ चढायचा, थोड्या थोड्या अंतरावर गुडघे टेकायचे आणि तापल्या लोखंडाला कान. कानाची पाळी भाजून काळी पडली होती. "कुठंतरी फुटलाय, सर. सापडंल," म्हणायच्या.

आम्ही दोघं एकाच कॉलेजात गणित शिकवायचो. लागोपाठ दुष्काळ पडले तेव्हा गावांनी पाण्याची सहकारी सोसायटी काढली. एक तलाव, एक पाइपलाइन, आणि सगळ्यात शेवटी माळावरची वस्ती. तिथं मॅडमची आई एकटी राहायची. पाणी तिथवर चढेल का, हे आम्ही काढून द्यायचं होतं. चढणार नसेल तर मोठी मोटार. प्रत्येक ठिकाणचा दाब शेजारच्या दाबावर अवलंबून. म्हणून आधी अंदाजानं आकडे धरायचे, एकेक दुरुस्त करत जायचं, पुन्हा पहिल्यापासून फेरी. हळूहळू आकडे हलेनासे होतात. वर्गातली पोरं तिथंच खूश व्हायची. मग मॅडम घरच्या बोलीवर यायच्या: "हलायचं थांबलं म्हंजे पोचलं, असं कावून समजता? दमलेलं माणूस बी हलत न्हाई. ताळा करा." म्हणजे आलेलं उत्तर मूळ समीकरणांत घालून बघा.

एकदा मॅडम परीक्षेच्या ड्युटीवर परळीला होत्या, आणि सोसायटीचे चेअरमन माझ्यासमोर येऊन बसले. "सर, तुमचं मशीन आमच्या म्हाताऱ्या बैलापरीस सुस्त हाय. पाणी चढतंय का न्हाई, येवढंच सांगा की!"

मी सगळीकडे भरपूर दाब धरून सुरुवात केली होती. दर फेरीला आकडे उतरत होते, पण केसभरच; वस्तीचा दाब अजून पुरेसा दिसत होता. मी कॉम्प्युटर थांबवला. "चढतंय," म्हणालो. त्यांनी तिथूनच फोन करून लहान मोटार मागवली.

ते गेल्यावर मी ताळा केला. जुळला नाही. आकडे पोचले नव्हते, नुसते दमले होते. चेअरमन अजून फाटकापाशीच बोलत उभे होते. मी हाक मारली नाही.

उन्हाळ्यात वस्तीचा नळ कोरडाच राहिला. आईनं त्याला घासलेला तांब्या टांगून ठेवला होता. आम्ही गेलो की म्हणायची, "सुमे, तुझं पाणी तुझ्यावानीच हाय बघ. येतंय येतंय म्हणतं, अन् येत न्हाई." त्याच उन्हाळ्यात ती जुन्या विहिरीच्या पायऱ्यांवरून हंड्यासकट पडली आणि त्यातच गेली.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मॅडमनी मला बाजूला घेतलं. "सर, ताळा केलता ना?"

"केला होता."

ते खोटं नव्हतं. जुळला का, असं त्यांनी विचारलं नाही. माझ्यावर त्यांचा तेवढा विश्वास होता.

"मग पाइपच," त्या म्हणाल्या.

पुढं वस्तीही उठली. मॅडम जातच राहिल्या. कधी मीही सोबत जायचो. "ऐका बरं सर, सूं सूं येतंय का?" मी कान लावायचो, खरोखरच ऐकायचो, आणि म्हणायचो, "इथं नाही."

शेवटच्या दुखण्यात मी भेटायला गेलो, तर मला जवळ बोलावून म्हणाल्या, "वडाच्या वळणापाशी बघायचं ऱ्हायलं, सर. तुमी बघा."

मी बघतो म्हणालो.

पाइप कुठंच फुटलेला नव्हता.